सोमवारची थुंकी

माझी थुंकी सोमवारी बिघडायची. आता हे लिहिताना मला हसू येतंय, पण दोन-अडीच महिने ह्या एका गोष्टीनं माझं डोकं पार कामातनं घालवलं होतं, आणि तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं.

थांबा, नीट सांगते. मी सांगलीत एमएस्सी करते, सूक्ष्मजीवशास्त्रात. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो आणि माझा प्रोजेक्ट माणसाच्या तोंडातल्या जंतूंवर. म्हणजे असं की आपण पालक, मेथी, बीट असलं काय खाल्लं की त्यात नायट्रेट नावाचा क्षार असतो. आपल्या शरीराला एकट्याला त्याचं फार काय करता येत नाही. पण जिभेच्या मागच्या बाजूला, जिथं खरखरीत लागतं ना, तिथं काही जंतू मुक्कामाला असतात. ते त्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते गिळलं की पुढं शरीर त्याचा एक वायू करतं, आणि त्यानं रक्तवाहिन्या जरा सैल पडतात, बीपी थोडं उतरतं. म्हणजे बघा की, आपलं बीपी थोडं का होईना जिभेवरच्या जंतूंच्या हातात! मॅडमनी हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी वर्गात मोठ्यानं "काय सांगताय!" म्हणून ओरडले होते. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, "तुला एवढं आवडलंय तर तूच कर प्रोजेक्ट."

झालं. मीच करायला लागले.

प्रश्न साधा होता. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या तोंडातले जंतू हे काम कमी करतात का? त्यासाठी दोन गट पाहिजेत, एक तंबाखू खाणारा, एक न खाणारा. माणसानं क्षाराचं पाणी पाच मिनिटं तोंडात धरायचं, मग नळीत थुंकायचं. त्या थुंकीत आम्ही लॅबमध्ये एक रसायन घालतो. जंतूंनी काम केलेलं असेल तर नळी गुलाबी होते. लय काम केलं असेल तर एकदम जांभळाच्या रसासारखी. काही केलंच नसेल तर पांढरी फिकी. मला तर पहिल्या दिवशी ती नळी गुलाबी होताना बघून नाचावंसं वाटलं होतं.

आमचं गाव कडेगाव तालुक्यात. सगळा ऊसच ऊस. तंबाखू खाणारे गडी पाहिजेत तर पारावर जाऊन नुसती हाक मारायची. न खाणाऱ्या म्हणून मी आईची भांगलणीची टोळी धरली. ह्या बायका एकत्र मिळून उसातलं तण काढायला जातात, आई, काकी आणि वस्तीवरच्या बाकीच्या. रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात त्या सगळ्या रांगेत बसायच्या आणि मी फॉर्म भरून घ्यायचे. तंबाखू खाता का? नाही. बिडी-सिगारेट ओढता का? ह्यावर सगळ्या खिदळायच्या. गुटखा? नाही. सही किंवा अंगठा. मग क्षाराचं पाणी तोंडात.

पाच मिनिटं ह्या बायकांनी तोंड बंद ठेवणं म्हणजे काय असतं ते व्हरांड्यात येऊन बघायला पाहिजे होतं. एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, डोळ्यांनी बोलायच्या, गाल फुगवून हुंकारायच्या. काकी तर दोनदा हसून पाणी गिळून मोकळी झाली.

"काकी, परत."

"आगं बया, आता तिसऱ्यांदा? माजं प्वाट भरलं की खारट पाण्यानं."

नळ्या बर्फाच्या डब्यात घालून मी सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं, कुंडलवरनं, सांगलीला न्यायचे आणि सोमवारीच तपासायचे. आणि तपासण्याआधी रोज, म्हणजे फक्त सोमवारी नाही, रोजच, मी स्वतःची थुंकी तपासायचे. तो मॅडमचा नियम. आपलं तोंड आपल्याला माहितीचं असतं, त्याची नळी नेहमीसारखी गुलाबी आली तर रसायन बरोबर, हात बरोबर, यंत्र बरोबर. मग पुढं जायचं.

मंगळवारी गुलाबी. बुधवारी गुलाबी. शुक्रवारी तर असली गुलाबी की फोटो काढून मैत्रिणींना पाठवावा (पाठवला पण. त्यांनी विचारलं, सरबत आहे का).

सोमवारी फिकी.

पहिल्या सोमवारी वाटलं, प्रवासानं दमलेय, पिपेटनं थेंब मोजताना हात हलला असेल. दुसऱ्या सोमवारी रसायन नवीन केलं. तिसऱ्या सोमवारी मी त्या नळीकडं बघत उभीच राहिले, म्हणजे मला कळंनाच. तेच तोंड, तीच मी, तेच पाणी. आणि गंमत म्हणजे गावच्या बायकांच्या नळ्यापण तशाच. काही गुलाबी, काही एकदम पांढऱ्या, मधल्या फार नाहीतच. न खाणाऱ्यांचा गट तंबाखूवाल्या गड्यांसारखा दिसायला लागला होता. मग प्रोजेक्टमध्ये राहिलं काय?

लॅबमधले मामा, जे गेली कित्येक वर्षं तिथं काचसामान सांभाळतात, त्यांचं म्हणणं वेगळंच. "रविवारी बिल्डिंगची लाइट घालवत्यात. तुमचं ते औषध फ्रिजमधी गरम हुतंय."

मी म्हटलं, "मामा, मग सगळ्यांचंच बिघडायला पाहिजे की. माझंच का?"

"तुमी सोमवारचा उपास धरता का?"

"नाही ओ मामा."

"मग धरून बघा."

मॅडमना हसू आलं नाही. त्यांनी माझी वही उघडली, सोमवारच्या ओळींवरनं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे बघ. तुझी स्वतःची नळी सोमवारी आणि शुक्रवारी सारखी आल्याशिवाय गावाचं एकसुद्धा सॅम्पल मी धरणार नाही. सगळं सोमवारीच तपासलंयस तू. दिवाळीच्या सुट्टीआधी रिपोर्ट द्यायचाय. नाही जमलं तर टर्म गेली, पुढच्या वर्षी."

टर्म गेली. मला एकदम पप्पा दिसले. माझे पप्पा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेत, आणि त्यांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं की पोरीचा रिपोर्ट दिवाळीला सबमिट होणार, ऑर्डर निघालीय. ऑर्डर! सगळ्या बायका माझ्यासाठी भांगलण सोडून रविवारी येत होत्या. आणि हे सगळं माझ्या तोंडामुळं अडलेलं. माझ्या सोमवारच्या तोंडामुळं.

मॅडमनी मला एका शनिवारी गावाला जाऊच दिलं नाही. हॉस्टेलवर राहा म्हणाल्या. राहिले. रविवारभर कपडे धुतले, झोपले, मेसचं खाल्लं. सोमवारी नळी गुलाबी!

मी ओरडलेच. मामा पळत आले, त्यांना वाटलं ॲसिड सांडलं.

म्हणजे घर. काहीतरी घरातलंच आहे. मॅडमपण खूश झाल्या. म्हणाल्या, "आता एकेक गोष्ट वेगळी करून बघ. हे खरं संशोधन." मग काय, पुढच्या सोमवारी मी घरातनं येताना सगळं बांधून आणलं. विहिरीचं पाणी बाटलीत. ताक. खर्डा, आईचा, डोळ्यातनं पाणी काढणारा. ज्वारीच्या भाकरी. गूळ. घेवड्याची आमटी डब्यात. आई म्हणाली, "हॉस्टेलात उपाशी ठेवत्यात व्हय तुला?" मी म्हटलं, "आई, हा प्रयोग आहे." "प्रयोगाला आमटी लागती?" "लागते."

मंगळवारी नुसतं विहिरीचं पाणी पिऊन नळी लावली. गुलाबी. बुधवारी ताक. गुलाबी. गुरुवारी खर्डा आणि भाकरी, जीभ भाजली पण गुलाबी. शुक्रवारी गूळ, शनिवारी आमटी, ती तोवर आंबली होती पण तरी खाल्ली, विज्ञानासाठी. गुलाबी, गुलाबी. पोट मात्र बिघडलं.

माझं डोकं चालंना. घरात आणखी आहे काय? हवा? म्हशी? मी वहीत खरंच 'म्हैस?' असं लिहिलंय, अजून आहे ते पान.

मॅडमनी मध्ये एकदा विचारलं होतं, "दात कशानं घासतेस घरी? पेस्ट वेगळी आहे का?"

मी लगेच म्हणाले, "नाही मॅडम, हीच पेस्ट, हाच ब्रश."

हे मला आता सारखं आठवतं. मी खोटं बोलले का? पेस्ट तीच होती. ब्रश मी पिशवीत घालून न्यायचे, एसटी पकडायच्या आधी घाईत फिरवायचे पण. पण एवढं लगेच उत्तर का दिलं, ते मी तेव्हा बघितलंच नाही. मला खरंच सांगता येत नाही की मला माहीत होतं की नव्हतं. दोन्ही वाटतं.

मग आई आली सांगलीला.

तिचा हट्टच. "माजी थुकी उचलून नेतीस दर सोमवारी, ती जाती कुटं ते बगू दे तरी." सोमवारी माझ्याबरोबर पहिल्या एसटीनं आली, नवीन लुगडं नेसून, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. रस्ताभर शेजारच्या बाईला सांगत होती, "लेकीचा अब्यास हाय ह्यात." त्या बाईनं डब्यात काय आहे विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

लॅबमध्ये आई पदर आवरून, जपून चालायला लागली. सगळीकडं काच. मी तिला खुर्चीवर बसवलं, नळ्या लावायला घेतल्या. तिनं विचारलं, "हितं तोंड धुवायला कुटं गं?" मी पाठमोरीच बेसिन दाखवलं. आणि पाच मिनिटांनी मामांचा आवाज.

"आवं ताई! आवं हितं तंबाखू चालत न्हाई! ती पाटी दिसत न्हाई व्हय?"

मी वळले. आई बेसिनपाशी उभी, डाव्या तळहातावर तिची ती कमरेची छोटी डबी, उजवं बोट तोंडात, ओठांवर काळं. तिचा चेहरा असा झाला की मला मामांचा भयंकर राग आला.

"तंबाखू कुटाय?" आई म्हणाली, तोंड तसंच ठेवून. "दात घासतीया मी."

आणि मी, ही शहाणी, तंबाखू आणि जंतू ह्यावर प्रोजेक्ट करणारी, हातात पिपेट धरून मामांना सुनावलं, "ओ मामा, काय पण बोलता! तंबाखू नाही ती, मिश्री आहे!"

बोलले आणि ते वाक्य माझ्याच कानात परत आलं.

मिश्री. तुमच्याकडं मशेरी म्हणत असतील. आठवडी बाजारातनं तंबाखूची पानं आणायची. जुन्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची. भाजताना असला खाट उठतो की घरातली सगळी शिंकत अंगणात पळतात, लहानपणी आम्ही तर पैज लावायचो कोण जास्त वेळ आत थांबतं. मग कुटून डब्यात. म्हणजे मला माहीत होतं की ती तंबाखूच आहे! तव्यावर मी स्वतः परतलीय! पण तंबाखू म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं यायचा गड्याचा तळहात, चुना, अंगठा, फट्फट् आवाज, पिचकारी. ते खाणं. आणि मिश्री म्हणजे न्हाणीच्या पायरीवर बसून सकाळी लावायची, ते तोंड धुणं. माझ्या डोक्यात ह्या दोन गोष्टी कधी एका खोलीत आल्याच नव्हत्या. फॉर्म मी लिहिला होता. 'तंबाखू खाता का?' बायका 'नाही' म्हणाल्या. खरंच बोलल्या त्या. कोण खातं?

आणि आता मुख्य. दहावीत माझी दाढ दुखली होती, तेव्हा काकीनं बोटानं माझ्या हिरडीला थोडी लावली. गरगरलं, उलटी झाली, पण दाढ थांबली. तेव्हापासून मी लावते. रोज नाही. हॉस्टेलवर तर कधीच नाही, मुली काय म्हणतील. फक्त घरी. रविवारी सकाळी, आणि सोमवारी एसटीच्या आधी, आई आणि काकीच्या मध्ये पायरीवर बसून. आठवड्यातला तो माझा सगळ्यात आवडता वेळ असायचा, कारण तेव्हा त्या दोघी मला पोर समजायच्या नाहीत. मधल्या आठवड्यात मी घरातलं सगळं तोंडात घालून बघितलं, आंबलेली आमटीसुद्धा, पण खिडकीतला तो पत्र्याचा डबा मला दिसलाच नाही.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवर पण 'नाही' लिहिलेलं. माझ्याच अक्षरात.

आईनं चूळ भरली, बेसिन स्वतः घासून धुतलं, मामांकडं बघितलं पण नाही. परत जाताना म्हणाली, "लय मोट्या आवाजात बोलला त्यो मानूस." मी तिला एसटीत बसवून आले.

आता काय करायचं ते मला दोन दिवस सुचंना. एक सोपी वाट होती. माझे सोमवार खोडायचे. घरी मिश्रीला हात लावायचा नाही, सोमवारी नळी गुलाबी आणायची, मॅडम गावाचे नमुने धरतील, दिवाळीला रिपोर्ट, पप्पांची ऑर्डर. कुणाला काय कळलं असतं? पण मग 'तंबाखू न खाणाऱ्या' म्हणून ज्या बायका मी लिहिणार, त्या सकाळ-दुपार-संध्याकाळ हिरड्यांना तंबाखू लावणाऱ्या. आणि उद्या कुणीतरी ते वाचून म्हणणार, बघा, तंबाखूनं काही फरक पडत नाही. काकी तर बीपीची गोळी घेते. हे डोक्यात आलं आणि मग मला ते पुढं ढकलताच येईना.

बुधवारी मॅडमकडं गेले. उभ्या उभ्या सगळं बोलले, श्वास न घेता, म्हैस सोडून सगळं. दाढ, काकी, पायरी, डबा.

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तू लावतेस?"

"हो मॅडम."

"मी तुला पेस्टचं विचारलं होतं."

"हो मॅडम."

"आणि तू म्हणालीस तीच पेस्ट."

मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा काढला. "माझी सासू लावते," त्या म्हणाल्या. "रोज. माझ्या डोळ्यांसमोर. आणि हा तुझा फॉर्म मी तीनदा वाचून सही केलीय. मला आधी कुणावर चिडायचं तेच कळत नाही." मग त्या चिडल्या, माझ्यावरच, आणि बरोबर चिडल्या. त्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं, दिवाळीचा रिपोर्ट गेला. फॉर्म परत करायचा, नमुने घ्यायला परवानगी देणाऱ्या कमिटीकडनं परत मंजूर करून घ्यायचा, सगळ्या बायकांना परत विचारायचं. टर्म वाढली.

घरी सांगितल्यावर पप्पांनी पहिल्यांदा टर्मचं ऐकून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग मिश्रीचं ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उजाडलं! त्यांनी रिटायर झाल्यावर तंबाखू सोडली होती, आईनं सोडायला लावली होती. त्यासाठी आई त्यांना किती घालूनपाडून बोलली असेल त्याची मोजदाद नाही.

"म्हंजी," पप्पा एकेक शब्द चावत म्हणाले, "मला घाण म्हणणारी, मला पडवीत झोपवणारी, ती सोता खाती. सबूत के साथ! लॅबचा रिपोर्ट हाय!"

"आवं, गप बसा. कोण खातंय? मी काय चुना लावती?"

"कागदावर आलंय आता, कागदावर."

आईनं माझ्याकडं वळून विचारलं, आणि ती थट्टेत नव्हती. "तू माजं नाव तंबाखूवाल्या गड्यांत घालणार? त्यांच्या रांगंत? टोळीतल्या बायका काय म्हणतील, पोरीनं आमाला तंबाखूखाऊ ठरीवलं."

"आई, नाव नसतं, नंबर असतो."

"मला म्हाईत हाय की माजा नंबर एक हाय."

आणि ती माझ्याशी बोलेना. मी रविवारी नवीन फॉर्म घेऊन गेले तर व्हरांड्यात चारच बायका. त्यातल्या एकीनं 'मिश्री ही तंबाखू आहे, ती लावता का?' हा प्रश्न ऐकला आणि सरळ 'न्हाई' म्हणाली, ओठांवर काळं तसंच. मी तेच लिहून घेतलं. परत येऊन पायरीवर बसले. वाटलं, संपलं. टर्म वाढवून पण संपलं. ज्यांनी खरं सांगितलं होतं त्या मी विचारायची पद्धत बदलली म्हणून खोटं बोलायला लागल्या.

आई म्हशीची धार काढून आली. न्हाणीत हात धुताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू तंबाखूचं नावच कशाला काडतीस?"

"मग कसं विचारू?"

"दात कशानं घासता, इचार. दिसातनं किती बारी, इचार. आगं त्या काय लपवून लावत्यात व्हय? डबी कुणाची चांगली भाजल्याली ते बी सांगतील."

मी वही काढून ते तसंच्या तसं उतरवून घेतलं. एमएस्सी मी, आणि प्रश्न तिनं लिहिला. मॅडमना फोन केला तर त्या हसल्या, ह्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदा. मग परत कमिटी, परत सही. फॉर्मवर पहिला प्रश्न तोच झाला: दात कशाने घासता? तंबाखूची गोष्ट मी आता सगळ्यात शेवटी, नमुना देऊन झाल्यावर, बसवून समजावून सांगते. लपवायचं नाही, पण आधी हातात लाठी घेऊन जायचं नाही. काकीला सगळ्यात आधी सांगितलं, तिच्या गोळीमुळं. ती म्हणाली, "मग ती न लावता परसाकडला कसं व्हायचं, ते तुज्या मॅडमला इचार." ते पण वहीत लिहिलंय.

पुढच्या खेपेला सगळ्या आल्या. आई पहिली बसली. दात कशानं घासता? "मिसरीनं," आई खणखणीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दिसातनं चारदा. माज्याकडनं लिव." मग रांगच लागली. मिसरी, मिसरी, दोनदा, पाचदा, हिची लय काळी भाजती, तिचीत वाळू लागती. लोणंदच्या आत्यानं तर फोन करून सांगितलं की तिकडंपण सगळ्याच लावतात, तिला पण नंबर पाहिजे. अख्ख्या टोळीत मिश्री न लावणाऱ्या तीन निघाल्या. तीन! माझा 'न खाणाऱ्यांचा' गट तीन बायकांचा. आता बाकीच्या कुठनं आणू ते शोधतेय.

आणि वाटलं होतं आता तरी सगळं लख्ख दिसेल. नाही दिसलं. त्या तिघींतल्या दोघींच्या नळ्या गुलाबी, एकीची फिकी. ती माळकरी आहे, चहा पण घेत नाही. का फिकी? माहीत नाही. चारदा लावणाऱ्या आईची फिकी, पाचदा लावणारीची गुलाबी. मॅडम म्हणतात, एवढ्याशा नमुन्यांवर काही बोलायचं नाही, लिहून ठेव आणि आणखी गोळा कर. मी आपली लिहितेय.

माझं म्हणाल तर मी बंद केली. म्हणजे करायला घेतलीय. चार रविवार नाही लावली. पायरीवर बसते, आई आणि काकीच्या मध्ये, पेस्ट लावलेला ब्रश घेऊन, आणि दोघी माझ्याकडं पाव्हण्यासारखं बघतात. तीन सोमवार नळी गुलाबी आली. चौथ्या सोमवारी फिकी. मी मामांकडं बघितलं, मामा वर लाइटकडं बघायला लागले.

पाचव्या रविवारी काकीनं काही न बोलता डबा पुढं केला. नवीन भाजलेली होती, वास येत होता. मी बोट बुडवलं.

सोमवारी लॅबमध्ये आधी फॉर्म काढला, स्वतःचा, नवीन. दात कशाने घासता? 'पेस्ट. आणि मिश्री.' शेवटची कधी? पेन थोडा वेळ तिथंच राहिला. मग लिहिलं, 'काल सकाळी, एकदा', आणि क्षाराचं पाणी तोंडात घेऊन घड्याळ लावलं.